रिपोर्टाला हळदीकुंकू

आमच्या घरातला नवरात्राचा घट कोणी सांभाळायचा, हे गेल्या वर्षी मंचरच्या एका लॅबवरून ठरलं. ते चुकलं. पण चूक लॅबची नव्हती.

आधी घराचा नियम सांगते. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या बाजूला आमचं गाव आहे. घट इकडे घरोघरी बसतात. परडीत माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचा घट, त्यावर रोज एक माळ आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. बहुतेक घरांत हे ज्याला वेळ असेल तो करतो. आमच्याकडे एकच बाई करते आणि तिची पाळी गेलेली असावी लागते. ती नऊ दिवस उपवास धरते, अनवाणी राहते, दिव्याजवळ जमिनीवर झोपते. आधी आजेसासूबाई करायच्या, त्यांच्यानंतर सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नात्याने त्या माझ्या आत्या नाहीत, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. घट हातात आल्यापासून आत्यांनी एकही वर्ष चुकू दिलं नव्हतं. सासरे वारले त्या वर्षी सुतक नवरात्राच्या आदल्या दिवशी फिटलं. आत्या त्याचं श्रेय सासऱ्यांना देतात.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे खाली बसायचं नाही आणि पुन्हा पडायचं तर मुळीच नाही. आत्यांनी पहिलं ऐकलं नाही, त्यामुळे दुसऱ्याची काळजी मला लागली.

आषाढात त्यांनी विषय काढला.

"औंदा घटाचं कसं?"

"खुर्चीवर बसून करा."

"देवीपुढं खुर्ची टाकून बसू? तलाठी हाय व्हय मी?"

"मग मी करते."

"तुझी गेली का?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हंजी? सोताच्या अंगातलं माहीत न्हाई?"

खरंच माहीत नव्हतं. मी सत्तेचाळीसची होते. दोन वर्षांपासून पाळी हवी तेव्हा यायची आणि हवी तेव्हा दडी मारायची. आली की असं जायचं, की दूध डेअरीवर उभं राहणं अवघड व्हायचं. मी गावच्या डेअरीवर दूध घेते, मशीनवर त्यातलं फॅट मोजते, कॅन भरून देते. थंडीच्या दिवसांत सगळे कानटोप्या घालून रांगेत उभे असायचे, आणि माझ्या अंगातून अचानक वाफ निघायची. पदराने घाम पुसत मी फॅट वाचायची. एकदा रांगेतले एक भाऊ म्हणाले, "ताई, मशीन तापतंय का तुमी?" लोक हसले. मीही हसले, कारण त्यांचंच दूध माझ्या हातात होतं. झोप उडाली होती. घरात बारीकसारीक गोष्टींवरून भांडी आपटली जायची. आपटणारी मीच असायचे, हे मला भांडं खाली पडल्यावर कळायचं. मग संक्रांतीला पाळी आली आणि त्यानंतर आलीच नाही.

मोठी जाऊ भोसरीला असते. तिची पिशवी चाळिशीतच काढली, त्यामुळे आमच्या नियमात ती केव्हाच बसत होती. आत्यांनी तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी भाजी निवडत होते.

"आत्या, मी तिकडं नऊ दिवस बसले तर इकडं डब्यांचं कोण बघंल? कंपनीची पोरं उपाशी ऱ्हातील. धाकटीलाच सांगा ना. म्हणावं पिशवी काढून टाक, झंझट नाय. मी काढली, मोकळी झाले."

"घट बसवायला पिशवी काढायची का?" मी म्हणाले.

"तू तिथंच हाय व्हय? तसं न्हाई गं. न्हाईतरी तुला तरासच हाय ना."

आत्यांनी फोन ठेवला. मग माझ्या पोटाकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. रात्री जेवताना त्यांनी आपला निर्णय सांगितला. कोणाचंच जमत नसेल तर त्या स्वतः बसतील, खाली. उठवायला आम्ही आहोतच. आमचे हे भाकरी मोडत राहिले. घट कोण करणार या यादीत यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं, यांनी स्वतःही नाही.

म्हणजे मला एकच गोष्ट करायची होती. आत्यांना जमिनीवर बसू द्यायचं नव्हतं.

श्रावणात मी मंचरला डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं विचारलं. पाळी कधीपासून पुढे-मागे होते, किती जाते, झोप कशी आहे, घाम कधी येतो. मग म्हणाल्या, "पाळी जाण्याच्या आधीचा काळ आहे हा. काहींना दोन वर्षं लागतात, काहींना जास्त. या वयात हे असंच होतं."

"रक्त तपासून पाळी गेली का ते कळतं का?"

"तुमच्या वयाला त्याची गरज नाही. चाळिशीच्या आत कोणाची पाळी थांबली तर मी ती तपासणी सांगते. तुमचं वय आणि तुम्ही जे सांगितलं तेच पुरेसं आहे. या काळात हार्मोन एका जागी राहत नाहीत. आज तपासा, पुढच्या महिन्यात तपासा, आकडा वेगळा येईल."

"मग गेली हे कधी म्हणायचं?"

"शेवटच्या पाळीनंतर सलग वर्षभर आली नाही की. म्हणजे संक्रांतीपर्यंत थांबा."

नवरात्र संक्रांतीच्या आधी येतं. तेवढं थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता.

उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, बोट वर करून, म्हणून लक्षात राहिली. "वर्षभर गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर लगेच यायचं. घरी बसून औषधं करायची नाहीत." चिठ्ठीवर त्यांनी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन लिहिलं. थायरॉईड बिघडला तरी असाच घाम येतो आणि इतकं अंगावरून गेल्यावर रक्त कमी होतं, असं कारणही दिलं.

लॅबमध्ये काउंटरवरच्या बाईने चिठ्ठी पाहिली. "एवढंच? हार्मोनचं पण घ्या की, एकाच सुईत होतं."

"त्यात पाळी गेली का ते कळतं?"

"कळतं की."

डॉक्टरबाईंनी पाच मिनिटं समजावलं होतं. या बाईने दोन शब्दांत सांगितलं. मी दंडावरची बाही वर केली.

आता हे सांगायलाच हवं, की दिवसातून दोनदा मी लोकांना नेमकं उलटं सांगत असते. कोणीतरी रोज काउंटरशी भांडतंच. "काल च्यार लागला, आज साडेतीन कसा? मशीन बिघडलंय तुमचं." मी विचारते, गाय तीच का? तीच. चारा तोच? वासरू आधी पाजलं का मागनं? सकाळचं दूध का संध्याकाळचं? भाऊ, गाय रोज सारखी नसते. एका दिवसाच्या फॅटवर गाईची किंमत करू नका. हे माझं पाठ झालेलं बोलणं आहे. ते बोलताना मला विचारही करावा लागत नाही. कदाचित म्हणूनच लॅबमध्ये ते आठवलं नाही.

रिपोर्ट मंचरहून दुधाच्या गाडीबरोबर डेअरीवर आला. हार्मोनच्या आकड्यापुढे चार ओळी छापल्या होत्या. पाळीनंतरच्या दिवसांत किती असावा, महिन्याच्या मध्ये किती, पाळीच्या आधी किती आणि पाळी गेलेल्या बाईत किती. माझा आकडा शेवटच्या ओळीत बसत होता. पहिल्या तीन ओळींत कुठेच बसत नव्हता. मी तो दोनदा बोट ठेवून वाचला. तो कागद घेऊन डॉक्टरबाईंकडे जायचं ठरवलं होतं, पण वाटेत घर आधी लागलं.

"काय म्हणतोय कागद?" आत्यांनी विचारलं.

"गेली म्हणतोय."

"आन डॉक्टरीण?"

"त्या संक्रांतीपर्यंत थांबा म्हणाल्या."

"देवी थांबल का संक्रांतीपत्तोर?" त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का कुठे असतो ते कळतं. शिक्का होता. वॉकर टेकत त्या देवघरापर्यंत गेल्या, रिपोर्ट देव्हाऱ्याशी उभा केला आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं. थायरॉईडचा आणि हिमोग्लोबिनचा कागदही त्याच पिनेत होता. त्यालाही थोडं लागलं.

घटस्थापनेच्या सकाळी आत्या खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि मी करत होते. माती एवढी दाबू नकोस. गहू आधी. पाणी हाताने शिंपड, ओतू नकोस. पहिली माळ विड्याच्या पानांची. त्यांच्या हातातला दिवा माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं दिला तवा मी रडले व्हते."

मी रडले नाही. त्यांनी वाट बघितली आणि मग वात सरळ करायला सांगितलं.

उपवास जमला. अनवाणी डेअरीवर जाणं जमलं, फक्त कॅन ठेवण्याच्या जागी फरशी ओली असते. जमिनीवर झोप येत नव्हती, पण ती गादीवरही येत नव्हती, त्यामुळे फरक पडला नाही. रात्रीत तीन-चारदा घाम फुटून जाग यायचीच. तेवढ्यात दिव्यात तेल घालून व्हायचं. या कामासाठी माझ्यासारखी बाई मिळाली नसती. आत्या कॉटवरून बघायच्या आणि समाधानाने कूस बदलायच्या.

सहाव्या माळेच्या सकाळी न्हाणीत गेले आणि पाळी आली.

बाहेर आले. देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. दिव्यातलं तेल तळाला गेलं होतं. ते घालायला माझा हात पुढे झाला होता, पण मी आत गेले नाही. बाजूला बसणं वगैरे आमच्या घरात आता राहिलेलं नाही. डेअरीवर मी कुठल्याही दिवशी जाते, चुलीपाशीही जाते. पण देवघराचा नियम आत्यांचा आहे आणि आत्या समोरच्या कॉटवर जाग्या होत्या.

"आत्या, पाळी आली."

"कुणाची?"

"माझी. आणखी कुणाची येणार?"

त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. "कागदात तर गेलीय."

"कागदात गेलीय. इथं आलीय."

"मंग ती पाळी न्हाई. उष्णता आसंल. साबुदाण्यानं व्हतं."

"पाळी नसेल तर मग मला आत्ताच मंचरला जावं लागेल."

"ते का?"

"पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते साधं नसतं."

आत्यांनी ओसरीकडे पाहिलं. त्यांची धाकटी बहीण तळेघरला दिलेली होती. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. एसटी दिवसाकाठी एखादी, भाताची लावणी तोंडावर, आणि सांगायचं तरी काय, या वयात. दवाखान्यात पोहोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या घरात तिचा विषय निघत नाही. तिने दिलेलं नाचणीचं जातं मात्र ओसरीवर आहे.

आता आत्यांसमोर दोनच गोष्टी होत्या. ती पाळी नसेल तर घट शाबूत, पण मग माझ्यात काहीतरी बिघाड. ती पाळी असेल तर मी धड, पण घट मोडला. हे मी त्यांना समजावलं नाही. त्या कॉटवर उठून बसल्या, म्हणजे त्यांना कळलं होतं.

"पोटात कळ येती का? नेहमीवानी?"

"येते."

"कंबर?"

"तीही."

"छाती जड झाल्ती का दोन-तीन दिस?"

"हो."

"चिडचिड?"

"ती वर्षभर आहे."

"न्हाई, परवा तू माझ्या ल्योकापुढं ताट आपटलं. आवाज निराळा व्हता."

"आपटलं."

आत्यांनी श्वास सोडला. "मंग पाळीच हाय." आणि जरा थांबून, "बरं झालं."

नवरात्रात, सहाव्या माळेला, पाळी आलेल्या सुनेला त्या बरं झालं म्हणाल्या. त्यावर बोलायला वेळ नव्हता, कारण त्या कॉटवरून पाय खाली सोडून देवघराकडे निघाल्या होत्या आणि वॉकर त्यांच्या हातापासून लांब होता. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. त्या म्हणाल्या, सोड, तेल संपतंय. मी म्हणाले, वाकलात तर खुबा जाईल. दोघी तशाच उभ्या राहिलो. दिवा फडफडायला लागला होता.

तेवढ्यात हे गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आले.

"अहो, हातपाय धुवा आणि दिव्यात तेल घाला."

"मी?"

"तुम्हाला पाळी येते का?"

यांनी क्षणभर विचार केला, का ते मला आजही कळलेलं नाही. "नाही."

"मग घाला."

यांनी आईकडे पाहिलं. आत्यांनी दिव्याकडे पाहिलं. ज्योत तळाशी निळी झाली होती.

"हात धू आदी," आत्या म्हणाल्या. "आन बादली तिथं नको."

उरलेल्या माळा यांनी केल्या. टोमॅटोच्या बागेत वेल तारेला बांधायची जी गाठ असते, तीच गाठ यांनी खुरासणीच्या पिवळ्या फुलांना मारली. माळ सुटण्याचा प्रश्न नव्हता, फुलं मात्र गळफास लागल्यासारखी दिसत होती. आत्या खुर्चीवरून म्हणायच्या, "टमाटं न्हाई ते, फूल हाय." उपवास यांना झेपला. अनवाणी गोठ्यात जाणं झेपलं नाही, पण गेले. रात्री दिव्याजवळ आडवे झाले की लगेच घोरायला लागायचे. दिवा सांभाळायला आत्या जाग्या राहायच्या, तेल घालायला यांना कॉटवरून काठीने डिवचायच्या. दिवा विझला नाही.

घटाभोवती उगवलेलं धान यांनी पाणी जास्त घातल्याने उंच आणि लुसलुशीत आलं. दसऱ्याला आत्यांनी त्यातली एक काडी माझ्या अंबाड्यात खोवली आणि एक यांच्या टोपीत. मला म्हणाल्या, "तू पाच दिस केलंस, त्याचं."

दसऱ्यानंतर रिपोर्ट देव्हाऱ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "डॉक्टरणीला दाखव. म्हणावं, खोटा निघाला."

डॉक्टरबाईंनी कागद उघडला. घडीतून हळद टेबलावर सांडली. त्यांनी ती हाताने बाजूला केली आणि विचारलं नाही.

"हार्मोनची तपासणी मी लिहिली नव्हती."

"मी वाढवली."

"आकडा खोटा नाही. त्या दिवशी तेवढाच होता. नंतर खाली आला असेल, म्हणून पाळी आली. पुन्हा वर जाईल."

मी डेअरीवर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून मी नुसतीच मान हलवली.

मग त्यांनी खालचा कागद वाचला, आणि तिथे थांबल्या. थायरॉईड ठीक होता. हिमोग्लोबिन चांगलंच कमी होतं. "हे घेऊन लगेच यायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "दम लागत नाही का?" लागत होता. तो मी उपवासाच्या खात्यात टाकला होता. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्तस्राव कमी करायचं औषध दिलं आणि पिशवीची सोनोग्राफी करून घेतली. ती ठीक निघाली. त्या रिपोर्टांपैकी उपयोगाचा आकडा एकच होता, हिमोग्लोबिनचा. त्याच्यावर उडालेलं कुंकू चुकून लागलेलं होतं.

"आता मोजायचं कुठून?" मी उठताना विचारलं.

"या पाळीपासून. पुन्हा वर्षभर."

घरी आल्यावर आत्यांनी तेच विचारलं. "मंग गेली का न्हाई?"

"गेल्यावर वर्षाने कळेल."

"लई लांबण लावतीया." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तळेघरचीला तुझ्यावानी बोलता आलं आसतं तर."

मी गोळीचं पाकीट फोडत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

आता पुन्हा नवरात्र आलं आहे. पाळी मध्ये दोनदा येऊन गेली, हल्ली आलेली नाही. मी मोजायचं सोडलं आहे. तारीख फक्त डेअरीच्या कॅलेंडरवर टिंब देऊन ठेवते, डॉक्टरबाई विचारतात म्हणून. आत्यांनी यंदा मला काही विचारलं नाही. काल यांनी बांधावरची माती आणली आणि ओसरीवर बसून चाळली. आत्यांनी खुर्ची तिथे ओढायला लावली, चिमूटभर माती दोन बोटांत चोळून पाहिली आणि परत टाकली.

"जाड हाय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा चाळ."

यांनी पुन्हा चाळली.